सोसायटीचा ग्रुप – ज्येष्ठांसाठी रविवारचं फायबर (आहारातले तंतुमय पदार्थ) व्याख्यान : पुढे काय?

*ए-४०२:* व्याख्याते "फायबर वाढवा" सांगून मोकळे. सोमवारपासून निम्म्या ज्येष्ठांची पोटं फुगलीत. आता निस्तरणार कोण?

*सचिव:* कृपया भाषा सांभाळावी. कार्यक्रम विनामूल्य होता.

*बी-१०१:* विनामूल्य असला की पोट कमी फुगतं का? 😄

*सी-२०३:* फुगणारच. फायबर एकदम वाढलं की मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, गॅस धरतो. रोजचं फायबर दर आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा, दिवसाला २५ पर्यंत. त्रास झाला तर मागच्या पायरीवर या, बंद करू नका.

*डी-५०४:* पाणी! पाणी कमी पडलं तर मळाचा खडा होतो.

*बी-१०१:* पाचव्या मजल्यावर येऊ दे आधी पाणी.

*सचिव:* टाकीचा विषय दुसऱ्या ग्रुपवर.

*ए-४०२:* तिथेच तर कुजतोय तो.

*सी-२०३:* ग्रॅम सांगून कुणाला कळत नाही, ताटात दाखवा. शिजलेली मसूर १०० ग्रॅम म्हणजे जवळपास ८ ग्रॅम फायबर. मध्यम सफरचंद सालीसकट ४, गाळलेल्या रसात नावाला. कवळी असेल तर सालीसकट किसा.

*डी-५०४:* पत्रकात पाणी लिहिलंय का?

*ई-३०१:* काका, सरसकट नको. हृदय-किडनीच्या रुग्णांना पाणी मोजून असतं. किडनीवाल्यांना डाळी-फळांतलं पोटॅशियमही बघावं लागतं. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

*डी-५०४:* मी बाकीच्यांचं बोलतोय. पाणी.

*ए-४०२:* त्यापेक्षा इसबगोल घ्यावं ना सगळ्यांनी!

*सी-२०३:* चमचाभर, ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. ठेवलं की लगदा होतो. कोरडं घेतलं तर घशात फुगून अडकतं. गिळायला त्रास असेल तर नकोच. झोपण्याआधी नको, औषधांपासून २ तास लांब.

*ई-३०१:* मळात रक्त, अचानक बदललेली सवय, किंवा उलट्या होऊन वाराही सरत नाही, तर फायबर राहू द्या, आधी डॉक्टर.

*सचिव:* मग पुन्हा व्याख्यान ठेवायचं का?

*सी-२०३:* व्याख्यान नको. १०-१२ जण बसवा, सोबत घरी स्वयंपाक करणारी व्यक्ती हवीच, ताट तिच्या हातात असतं. "समजलं ना?" विचारलं की सगळे माना डोलावतात. "उद्या नाश्त्याला काय बदलणार?" असं त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. आठवड्याला एकच बदल, पुढच्या बैठकीत चौकशी.

*बी-१०१:* म्हणजे तोंडी परीक्षा 😂

*ई-३०१:* पाणी मोजून असलेल्यांचा गट वेगळा बसवा.

*सचिव:* नावं उद्यापर्यंत द्या. इतर विषय इथे टाकू नयेत.