नाशिक: एका दिवसात किती वायनरी?

शेअर गाडीने एका दिवसात पाच वायनरी (वाइन बनते आणि चाखायलाही मिळते ती ठिकाणं) बघून होतील का, असं कुणीतरी विचारलंय. होतील, पण पाचव्या ठिकाणी जिभेला काहीच कळणार नाही. तीनच करा. सुला, सोमा आणि यॉर्क गंगापूर धरणाच्या बाजूला जवळजवळ आहेत. व्हॅलोन आणि ग्रोव्हर झम्पा इगतपुरीकडे. दोन्ही दिशा एकाच दिवसात कोंबल्या तर अर्धा वेळ गाडीतच जातो.

आम्ही गेल्या फेब्रुवारीत दहा जणांनी ट्रॅव्हलर केली होती. शेअर गाडीत खरी अडचण वेळेची. कुणी चाखायला रमतं, कुणी दुकानात, आणि शेवटची वायनरी घाईत उरकावी लागते. म्हणून निघायची वेळ आधीच ठरवा, आणि यॉर्क संध्याकाळी ठेवा. तिथून धरणाचं पाणी फार सुंदर दिसतं.

आधी शेनिन ब्लांसारख्या पांढऱ्या वाइन घ्या, शिराझसारख्या लाल वाइन नंतर. नको असलेला घोट थुंकायला भांडं मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पोटभर नाश्ता करूनच निघा.

जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी चालते, तेव्हा जाणं उत्तम. फक्त ड्राय डे तपासा.