फक्त सोबत उभा होता, तरी 302/34 खाली जन्मठेप. अपिलात नेमके कोणते मुद्दे चालतात?

कोरडी_विहीर:
नमस्कार. माझ्या मावसभावाला सेशन कोर्टाने भादंवि 302 (खून) सह 34 (मिळून ठरवलेल्या एकाच इराद्याने केलेलं कृत्य) खाली जन्मठेप दिलीय, घटना नवीन कायदा (भारतीय न्याय संहिता) यायच्या आधीची आहे. बांधावरून वाद, कोयत्याचे वार पहिल्या आरोपीने केले यावर कुणाचं दुमत नाही. बघणारा साक्षीदार एकच, मयताचा सख्खा भाऊ. तो कोर्टात म्हणाला की मावसभावाने मयताचे दोन्ही हात मागून धरले, पण पोलिसांनी घेतलेल्या जबाबात नुसतं "सोबत उभा होता" एवढंच आहे. आमचे वकील म्हणतात साक्षीदार नात्यातला आहे हाच आपला मोठा मुद्दा. मावशीची झोप उडालीय, तिला काय सांगू?

काळा_कोट:
दादा, नात्याच्या मुद्द्यावर अपील उभं करू नका, टिकणार नाही. सुप्रीम कोर्टाने 1953 मधेच दलिप सिंग केसमधे सांगितलंय की जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्यालाच अडकवेल असं सहसा होत नाही. पण त्याच निकालात हेही आहे की वैर असलं की खऱ्या गुन्हेगाराबरोबर एखाद्या निर्दोष माणसालाही ओढलं जातं, तुमच्या वकिलांनी तो भाग वाचायला हवा. साक्षीदार एकच आहे म्हणूनही केस पडत नाही, जुन्या पुरावा कायद्याचं कलम 134 साक्षीदारांची संख्या मागतच नाही. वडिवेलू थेवर (1957) बघा, साक्षीदार पूर्ण विश्वासाचा असेल तर एकटा पुरतो, पण धड विश्वासाचा नाही धड खोटा नाही असा असेल तर दुसरीकडून पुष्टी लागते.

तुमचा खरा मुद्दा "हात धरले" हे जबाबात नसणं, म्हणजे ओमिशन. किरकोळ तपशील राहिला तर कोर्ट सोडून देतं, इथे तर आरोपीचा अख्खा रोलच गायब आहे. पण ते रीतसर सिद्ध झालंय का? उलटतपासात साक्षीदाराला विचारावं लागतं, तो बहुतेक वेळा म्हणतो "मी पोलिसांना सांगितलं होतं, जबाबात का लिहिलं नाही याचं कारण सांगता येणार नाही", आणि मग तपासी अंमलदाराकडून काढून घ्यावं लागतं की साक्षीदाराने तसं सांगितलं नव्हतं. हे दुसरं काम राहून जातं आणि अपिलात हातात काहीच उरत नाही, फार वाईट वाटतं असं बघून.

नदीपार:
34 बद्दल थोडं. "वार केला नाही" एवढ्यावर कुणी सुटत नाही. 1923 मधे कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्टात पोस्टमास्तरचा खून झाला, एका आरोपीचं म्हणणं होतं की मी बाहेर अंगणात उभा होतो, तरी प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं शेवटचं अपील कोर्ट) दोष कायम ठेवला. पण 1945 च्या महबूब शाह केसमधे त्याच प्रिव्ही कौन्सिलने खुनाचा दोष काढून टाकला, कारण दोघांचा इरादा सारखा असणं वेगळं आणि दोघांनी मिळून ठरवलेला एकच इरादा असणं वेगळं. 1955 च्या पांडुरंग केसमधे सुप्रीम कोर्टानेही हेच धरलं. ठरवणं जागेवर क्षणात होऊ शकतं, पण ते पुराव्यातून दिसायला पाहिजे. म्हणून विचारा: तो पहिल्या आरोपीबरोबर आला का, हातात काही होतं का, काही ओरडला का, नंतर एकत्र पळाले का.

आणि पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट काढा. मयताच्या तळहातावर, मनगटावर बचाव करतानाच्या जखमा आहेत का?

सावली_नाही:
मुदत विसरू नका, जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात अपिलाला 60 दिवस. सोबत शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्या. पैशाची अडचण असेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवेचा वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

कोरडी_विहीर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पीएममधे डाव्या तळहातावर कापल्याच्या दोन जखमा लिहिल्यात! म्हणजे हात धरलेले नव्हते ना?

नदीपार:
तेवढ्यावर नको. पहिला वार हाताने अडवला आणि नंतर हात धरले असं सरकार पक्ष म्हणेल. डॉक्टरांना उलटतपासात जखमांचा क्रम विचारलाय का बघा.

काळा_कोट:
आणि केसच्या कागदांची नक्कल हातात आली की सगळ्यात आधी तपासी अंमलदाराची उलटतपासणी वाचा, त्यात ओमिशन आलंय की नाही ते इथे टाका, मग पुढचं बोलू.