सिंफनी ऑर्केस्ट्रा ऐकायला पहिल्यांदाच मुंबईला चाललोय, टाळ्या कधी वाजवायच्या?

पेटीवाला_कुडाळ
मंडळी, मी गावच्या भजनात पेटी वाजवतो, तेवढाच माझा संगीताशी संबंध. मुंबईच्या भाचीने नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत जमशेद भाभा थिएटरचं तिकीट काढलंय, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि बीथोवनची पाचवी सिंफनी. ती म्हणते मामा मध्येच टाळ्या वाजवू नकोस हां, लोक वळून बघतात. आता आमच्याकडे समेवर आलं की आपोआप मान हलते आणि तोंडातून वाहवा जातं, ते कसं आवरायचं? आणि कोट घालावा लागतो का? रात्रीच परत निघता येईल का, कारण दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून चालणार नाही.

तळकोकणी
कित्याक घाबरतस! कोट नको, इस्त्रीचा शर्ट-पँट पुरे. आदल्या रात्री कोकणकन्येत बस, पहाटे सीएसएमटीला उतरशील. कार्यक्रम सातचा असेल तर साधारण नऊपर्यंत सुटतो, आणि परतीची कोकणकन्या रात्री अकरानंतर सीएसएमटीवरूनच सुटते, टॅक्सीने तिथपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. सकाळी कुडाळात, दुकान जरा उशिरा उघड. फक्त थिएटरात उशिरा जाऊ नको, एकदा सुरू झालं की मध्ये सोडत नाहीत, थांबेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. आपल्या नाटकाला आपण तिसऱ्या घंटेनंतर भजी घेऊन आत शिरतो तसं नाही.

मांडवी_किनारा
टाळ्यांचं सांगतो. सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली लांब रचना, तिचे बहुधा चार भाग असतात, एक संपला की दोन क्षण शांतता, लोक खोकून घेतात आणि पुढचा भाग. टाळ्या चारही संपल्यावर. पण पाचवीत गंमत अशी की तिसरा भाग संपतच नाही, आवाज अगदी बारीक होत जातो, नुसता ड्रम हळू टकटकत राहतो आणि तिथूनच थेट चौथा भाग फुटतो. त्यामुळे मोजत बसलात तर चुकणार. सोपा उपाय, वादकांपुढे उभा राहून हातांनी इशारे देणारा तो कंडक्टर, त्याचे हात खाली येऊन तो तुमच्याकडे वळला की वाजवा. 

तुम्ही पेटीवाले, तर सुरुवात चुकवू नका. ओबो नावाचं वाद्य एक सूर धरतं, तुमच्या भाषेत पांढरी सहा, आणि सगळे त्याला जुळवून घेतात. माइक नाही काही नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतं. आणि ट्रॉम्बोन नावाचं पितळी फुंकवाद्य वाजवणाऱ्यांकडे बघा, तीन भाग हात बांधून बसलेले असतात, वाजवायला मिळतं ते चौथ्यात. दशावतारात राक्षसाचं काम करणारा रंगून पडद्यामागे ताटकळतो ना, अगदी तस्सं, आणि आला की मग काय विचारता.

घाटावरचा_जावई
हे टाळ्या न वाजवण्याचं सोवळं नंतरचं आहे हो. १७७८ मध्ये पॅरिसला मोझार्टची सिंफनी झाली तेव्हा लोकांनी भाग चालू असतानाच टाळ्या वाजवल्या, आणि त्याने खूश होऊन वडिलांना पत्रात कळवलं. बीथोवनची ही पाचवी १८०८ च्या २२ डिसेंबरला व्हिएन्नात पहिल्यांदा झाली, सहावी सिंफनी पण त्याच रात्री, चार तासांचा कार्यक्रम आणि थिएटरात कडाक्याची थंडी. दशावताराला पहाटेपर्यंत घोंगडी घेऊन बसणाऱ्याला त्यात नवल ते काय.

मांडवी_किनारा
@घाटावरचा_जावई इतिहास बरोबर आहे, पण शेजारच्या सीटवरची बाई इतिहास वाचून आलेली नसते. मी एकदा खोकल्याची गोळी सोडली तर कागदाचा चुरचुर आवाज मलाच फटाक्यासारखा वाटला, तीन जणांनी डोळे वटारले. गोळ्या आधीच सोडून रुमालात ठेवा. वाहवा मनातल्या मनात.

पेटीवाला_कुडाळ
सगळ्यांचे आभार. पांढरी सहा म्हटल्यावर जरा ओळखीचं वाटलं. काल रात्री मोबाइलवर ऐकली, सुरुवातीचं ते टटटटां सगळ्यांना माहीत असतं, पण पुढे तोच तुकडा किती वेगवेगळ्या वाद्यांतून फिरवलाय, अभंगाचा चरण आळवावा तसा. चौथ्या भागाला बायको आतून म्हणाली, कोणाची वरात? जायचं तिकीट कन्फर्म, यायचं वेटिंग १४ आहे. होईल ना?

तळकोकणी
गणपती-शिमगो नसलो तर होतला.