फुकुशिमाची भट्टी ट्रिप झाली होती, मग इंधन वितळलं कसं?

बॉयलर_भुसावळ
राम राम मंडळी. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात संच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की कोळसा तुटतो, आग लगेच विझते आणि बॉयलर आपोआप निवत जातो. 11 मार्च 2011 ला जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात भूकंप होताच चालू असलेले तिन्ही संच ट्रिप झाले, अणुभट्टी थांबवणारे नियंत्रण दांडे पूर्ण आत गेले. त्सुनामी आली ती पाऊण तासानं. मग वितळायला उष्णता आली कुठून? थंड करणाऱ्या पंपांना वीज देणारे डिझेल सेट बुडाले हे माहीत आहे, पण बंब लावून पाणी का नाही मारलं? आणि तापीवर आपल्या खालीच गुजरातचं काकरापार अणुकेंद्र आहे, तिथं असं झालं तर?

तापीकाठ
भाऊ, ट्रिपनं फक्त विखंडन, म्हणजे युरेनियमचे अणू फुटणं, थांबतं. युरेनियम फुटून तयार झालेले आयोडीन, सीझियम वगैरे किरणोत्सारी असतात आणि त्यांचा क्षय कुठल्याच दांड्यानं थांबत नाही. ट्रिपच्या क्षणी ही उष्णता औष्णिक क्षमतेच्या 6-7 टक्के असते, 24 तासांनी साधारण अर्धा टक्का उरते.

अर्धा टक्का किरकोळ वाटतो ना? तीन नंबरचा संच विजेचे 784 मेगावॅट द्यायचा, म्हणजे उष्णता 2381 मेगावॅट. त्याचा अर्धा टक्का 12 मेगावॅट. 20 अंशांचं एक किलो पाणी वाफ करायला साधारण 2.6 मेगाज्यूल लागतात. भागाकार केला तर तासाला 16-17 हजार लिटर पाणी उडतं. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजारी टँकर दर पस्तीसेक मिनिटांना एक रिकामा, आणि हे एक दिवस उलटल्यावर! सुरुवातीच्या तासांत तर याच्या कितीतरी पट.

पाणी घटलं की इंधन उघडं पडतं. 1200 अंशांच्या पुढं इंधन भरलेल्या झिर्कोनियम धातूच्या नळ्या वाफेतला ऑक्सिजन झपाट्यानं ओढतात. हायड्रोजन सुटतो आणि त्या अभिक्रियेचीच उष्णता वर भर घालते. 12 ला एक नंबरची आणि 14 ला तीन नंबरची इमारत उडाली ती या हायड्रोजननं. तो अणुस्फोट नव्हता. चार नंबरची इमारतही उडाली, पण तिथल्या भट्टीच्या गाभ्यात तर इंधनच नव्हतं. तीनचा हायड्रोजन सामाईक चिमणीच्या डक्टमधून उलटा तिकडं शिरला.

डीसी_पॅनल
बंबाचं सांगतो. भट्टीच्या भांड्यात दाब चौरस सेंटीमीटरला 70 किलोच्या आसपास, बंबाचा पंप जेमतेम 10 चा. आधी रिलीफ व्हॉल्व्ह उघडून दाब उतरवायला हवा आणि त्याला डीसी, म्हणजे बॅटरीची वीज, लागते. एक-दोन नंबरच्या बॅटऱ्या पाण्यात, तीनच्या वापरून उतरलेल्या. शेवटी गाड्यांच्या 12 व्होल्टच्या दहा बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 120 व्होल्ट केले! दाब उतरल्यावरही बंबाचं काही पाणी भलत्याच लायनीनं कंडेन्सरकडं गेलं.

जनरेटरच्या गाड्याही आल्या होत्या. पण वीज वाटणारी पॅनल, म्हणजे स्विचगिअरच भिजलेलं, जोडणार कुठं? दोन नंबरच्या एका शाबूत पॅनलपर्यंत केबल ओढली, तेवढ्यात 12 तारखेला दुपारी 3:36 ला एक नंबर उडाला आणि केबल गेली. सगळे डिझेल सेटला दोष देतात, माझ्या मते पॅनल तळाशी ठेवणं त्याहून महागात पडलं. सहा नंबरचा हवेवर थंड होणारा एक डिझेल सेट उंचावर कोरडा राहिला, त्यावर पाच आणि सहा दोन्ही तगले.

बॉयलर_भुसावळ
आत्ता डोक्यात शिरलं भो. आमच्याकडं ब्लॅकआउट झाला, सगळी वीज गेली, तर बॅटरीवरच्या डीसी लुब ऑइल पंपानं तेल देऊन टर्बाइनची बेअरिंग वाचली म्हणजे बरंच निभावतं. काकरापारचं राहिलं.

तापीकाठ
काकरापारला जड पाण्याच्या भट्ट्या आहेत. गाभ्यातल्या गरम जड पाण्यावर बाहेरच्या साध्या पाण्याची वाफ करणारे स्टीम जनरेटर गाभ्याच्या वरच्या पातळीवर असतात, त्यामुळं पंप बंद पडले तरी गरम जड पाणी वर चढतं, निवून खाली येतं, चक्र चालू राहतं. अट एकच, स्टीम जनरेटरच्या बाहेरच्या बाजूला पाणी मिळत राहिलं पाहिजे.

हे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्रात घडून गेलंय. 31 मार्च 1993 ला टर्बाइनची पाती तुटली, कंपनानं जनरेटरचे हायड्रोजन सील गेले, आग लागली, केबली जळाल्या आणि 17 तास स्टेशनला वीज नव्हती. डिझेलवर चालणाऱ्या फायर पंपांनी स्टीम जनरेटरला पाणी दिलं आणि गाभा वाचला.

पुराचं म्हणाल तर जून 1994 मध्ये काकरापारच्या टर्बाइन इमारतीत पाणी शिरलं होतं. भट्टी तेव्हा आधीपासूनच बंद होती. म्हणून तिथल्या पूरपातळीची चर्चा निघाली की डिझेल सेटसोबत स्विचगिअर, बॅटरी रूम आणि फायर पंप किती मीटरवर बसवलेत तेही विचारा.