टोकियोहून एका दिवसात बर्फात जाऊन यायचंय, आई सोबत आहे, कुठे जावं?

हर्णैकर७८
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ टोकियोत असतो, निशी-कासाईला, आणि फेब्रुवारीत दहा दिवस आम्ही त्याच्याकडे चाललोय. मी, बायको, मुलगी ९ वर्षांची आणि आई. आईला ६८ पूर्ण झाली, गुडघा धरतो तिचा पण तशी खणखणीत आहे, अजून रोज सकाळी वाडीत शिंपण तीच करते. आमच्यात कुणीच आजवर बर्फ बघितलेला नाही. मुलीला स्की शिकायचंय आणि आई गेले दोन महिने एकच म्हणतेय की मला एकदा बर्फात पाय ठेवायचाय, बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल. भावाला सुट्टी एकच दिवस टाकता येतेय त्यामुळे सकाळी निघून रात्री घरी असंच बसवावं लागणार. तीन नावं काढलीयेत, फुजीच्या उतारावरचं यती, करुइझावा आणि गाला युझावा. भाऊ म्हणतो यतीला जाऊ, फुजी पण होईल. मला नकाशावर गाला लांब वाटतंय आणि आईला एवढं झेपेल का ही धास्ती आहे. खर्चाचं, कपड्यांचं, खाण्याचं (आई शाकाहारी, अंडं पण नाही) जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

राजापूरकर_साइतामात
हर्णैकर, मी ११ वर्षं इकडे आहे, दर हिवाळ्यात घरच्या नाहीतर गावच्या कुणाला तरी घेऊन जातोच. गालाच करा. नकाशावरचं अंतर बघू नका, डोंगराची बाजू बघा. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, सह्याद्रीला अडतो, आपल्याकडे आठ-आठ दिवस झड लागते आणि घाट चढून माण-खटावकडे गेलं की जमीन कोरडी. इथे हेच हिवाळ्यात होतं, फक्त वारा सायबेरियाकडून येतो, गार आणि कोरडा, जपानच्या समुद्रावरून येताना खालच्या कोमट पाण्याची वाफ उचलतो आणि मधल्या डोंगररांगेला धडकून तिथेच बर्फ टाकून मोकळा होतो. युझावा त्या ओल्या बाजूला, म्हणजे यांचं कोकणच. टोकियो घाटापलीकडे, म्हणून तिथे फेब्रुवारीत लख्ख ऊन. यती आणि करुइझावा दोन्ही कोरड्या बाजूला, थंडी असते पण उतारावरचा बर्फ बराचसा मशीनने केलेला, यती ऑक्टोबरातच सुरू होतं ते त्यामुळेच. शिकायला तो बर्फ चालतो, पण छपरावर, झाडांवर, कुंपणावर साचलेला बर्फ आईंना बघायचा असेल तर डोंगर ओलांडावा लागेल.

उंचीची काळजी नको. युझावा गाव साधारण साडेतीनशे मीटरवर आहे, आपला आंबा घाट त्याहून उंच, आणि गालाचा सगळ्यात वरचा माथासुद्धा महाबळेश्वरपेक्षा खाली. विरळ हवा, दम लागणं वगैरे प्रश्नच नाही.

प्रवास असा, निशी-कासाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून जमिनीखालूनच चालत टोकियो स्टेशन, आईंसाठी लिफ्ट शोधत जायला अर्धा तास जास्तीचा धरा. पुढे जोएत्सु शिनकानसेन (बुलेट ट्रेन), त्यातली तानिगावा नावाची गाडी हिवाळ्यात थेट गाला युझावा स्टेशनपर्यंत जाते, सव्वा ते दीड तास. रत्नागिरीहून चिपळूणला एसटीने याहून जास्त वेळ लागतो. जोमो-कोगेन स्टेशन गेलं की दाइशिमिझू बोगदा लागतो, २२ किमीचा, आपल्या करबुडे बोगद्याच्या तिपटीहून मोठा, १९८२ ला ही लाइन सुरू झाली तेव्हापासूनचा. आत शिरताना बाहेर ऊन आणि तपकिरी डोंगर असतात, बराच वेळ काळोख, आणि बाहेर पडताना सगळं पांढरं. त्या वेळी आईंना खिडकीशी बसवा. मी माझ्या वडिलांना बसवलं होतं, ते काही बोलले नाहीत, नुसता काचेला तळहात लावून ठेवला होता, मला अजून आठवतं ते.

गालाला स्टेशन म्हणजेच स्की सेंटर. तिकीट, भाड्याचं सामान, लॉकर, गोंडोला (वर नेणारा पाळणा) सगळं एकाच बिल्डिंगमध्ये, आईंना रस्त्यावर चालायलाच लागत नाही. स्की न करणाऱ्यांसाठी गोंडोलाचं नुसतं जाऊन-येऊन तिकीट मिळतं आणि वर घसरगाडी खेळायची वेगळी जागा आहे. त्याच बिल्डिंगमध्ये गरम पाण्याचं स्नानगृह पण आहे, राजापूरच्या गरम पाण्याच्या झऱ्यासारखंच समजा, गुडघ्याला छान वाटेल. बायकांचं वेगळं असतं पण अंगावर कपडा ठेवत नाहीत, हे आईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे संकोच नको.

खर्चाचं, टोकियो वाइड पास हा रेल्वेचा पास बघा. तीन दिवस सलग चालतो, मी शेवटचा घेतला तेव्हा १५,००० येन होता, मुलीला अर्धा. गालाचं जाऊन-येऊन भाडंच तेरा हजाराच्या पुढे जातं, म्हणजे दुसऱ्या दिवशी निक्को किंवा फुजीजवळचं कावागुचीको केलंत की पैसे वसूल, फुजी पण तेव्हाच बघा. परदेशी पासपोर्ट लागतो फक्त, इथे राहणाऱ्यालाही मिळतो, म्हणजे भावाला पण चालेल.

चिपळूणचा_भटक्या
राजापूरकरांशी थोडा असहमत. करुइझावाला सुद्धा शिनकानसेन जाते, तासाभराचा प्रवास, स्की रिसॉर्ट स्टेशनला लागूनच आणि हवा बहुतेक वेळा स्वच्छ, समोर असामा ज्वालामुखी दिसतो. युझावाला आम्ही गेलो त्या दिवशी इतका बर्फ पडत होता की दहा फुटांवरचं दिसेना, बायको वैतागली. लहान मूल शिकणार असेल तर ऊन असलेलं बरं ना?

राजापूरकर_साइतामात
भटक्या, मुलीपुरतं बोलायचं तर तुमचं बरोबर आहे. पण आईंना पडता बर्फ मिळाला तर त्यासारखं दुसरं काही नाही, आपल्याकडे कुणी पाऊस बघायला आला आणि ऊन पडलं तर त्याला काय वाटेल. हर्णैकर, एक राहिलं, शनिवार-रविवार टाळा आणि ११ व २३ फेब्रुवारी पण टाळा, इथे सार्वजनिक सुट्ट्या असतात, भाड्याच्या सामानाच्या रांगेतच सकाळ जाते. मुलीला शिकवणी लावायची असेल तर इंग्रजीतली आधी बुक करा. पहिल्या दिवशी फक्त थांबायला शिकवतात, स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब, त्याला ते हा-नो-जी म्हणतात कारण त्यांचं हा अक्षर तसं दिसतं. तेवढं आलं की दिवस सार्थकी.

मालवणची_सून
दादा, मी मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन गालालाच गेले होते, त्या ७१ च्या. आमच्या चुका सांगते म्हणजे तुमच्या होणार नाहीत. आम्ही एका टूरवाल्याकडून सगळं ठरवलं होतं, त्याने सांगितलं जीन्स आणि लोकरीचे हातमोजे पुरे. अजिबात नाही. मुलगा अर्ध्या तासात तीनदा पडला, जीन्स भिजून जड झाली, मोजे पिळून पाणी निघत होतं आणि त्याची बोटं इतकी लाल झाली की तो रडायलाच लागला. वरचे कपडे, बूट भाड्याने मिळतात ते घ्याच, पण हातमोजे आणि टोपी बहुतेक ठिकाणी विकतच घ्यावी लागते, ती टोकियोतून घेऊन जा, आत पाणी न शिरणारे हातमोजे बघा. आत सुती बनियन नको, घामाने ओलं होतं आणि मग गार पडतं. सासूबाईंना मी साडीवर स्वेटर नाही घातला, सरळ सुनेची थर्मल पँट घातली, पहिल्यांदा नाही म्हणाल्या मग वर गेल्यावर स्वतःच म्हणाल्या बरं केलंस.

खाण्याचं, वर करी-राइस दिसेल पण त्यात मांस नाहीतर मांसाचं पाणी असतं, त्यावर विसंबू नका. मी मेथीचे ठेपले, गूळपोळी आणि लसणीची चटणी नेली होती. येताना मात्र शेजारच्या एचिगो-युझावा स्टेशनला उतरून भात खा, तिथला उओनुमाचा कोशिहिकारी तांदूळ जपानात सगळ्यात नावाजलेला, डोंगरातलं बर्फाचं पाणी खाचरांना मिळतं. सासूबाईंनी नुसता भात मीठ लावून खाल्ला आणि दुसरी वाटी मागितली.

त्या गावच्या रस्त्याच्या मध्ये बारीक बारीक भोकं असतात, त्यातून जमिनीखालचं पाणी सतत उडत असतं, आपल्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं ना तसंच ते, त्याने बर्फ वितळतो. पाण्यात लोह असल्याने सगळा रस्ता तांबडा, जांभ्याच्या वाटेसारखा, आजूबाजूला बर्फाचे ढीग आणि मध्ये लाल वाट. सासूबाईंना घरच्यासारखं वाटलं. पण बूट आतून भिजतात, म्हणून साधे कापडी बूट घालून गावात फिरू नका, लावणीला घालतो ते गमबूट असतील तर तेच न्या आणि आत जाड मोजे. वर उतारावर मात्र भाड्याचेच, रबरी तळ घसरतो.

आणि वर पोचल्यावर आईंना घाई करू नका. आमच्या सासूबाईंनी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला, बोटांनी सुटा केला आणि म्हणाल्या, अगो हा तर खवलेला नारळ. मग पाच मिनिटं तशाच उभ्या, हात गार पडेपर्यंत.

हर्णैकर७८
ताई, हे वाचून दाखवलं आईला, दोनदा वाचायला लावलं तिने. गाला ठरलं, भाऊ पण तयार झाला. त्याने ११ ला लागूनची सुट्टी टाकली होती ती बदलून पुढच्या मंगळवारची घेतलीय, आज पासचं बघतो आणि मुलीची शिकवणी रात्री बुक करतो. फुजी दुसऱ्या दिवशी, राजापूरकर म्हणाले तसं. भटक्या, जोराचा बर्फ पडत असला तर मुलीला दुपारनंतर शिकायला पाठवू, सकाळी घसरगाडी. एकच विचारायचं राहिलं, गमबूट विमानात बॅगेत टाकले तर चालतील ना, वजनाचा प्रश्न आहे. आईने माळ्यावरचे काढून, धुऊन, खळ्यात उन्हात उलटे ठेवलेत.