बीएमसीच्या पोर्टाची केबल काढून ठेवावी का?

रॅकवाला (धागाकर्ता)
येथे बीएमसी म्हणजे मुंबईची महापालिका नव्हे, तर सर्व्हरच्या मदरबोर्डवरील बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. मुख्य यंत्र बंद असले तरी वीज जोडलेली आहे तोवर हा छोटा संगणक जागाच असतो. ब्राउझरमधून त्याच्या पानावर गेले की तापमान आणि पंख्यांचा वेग दिसतो, यंत्र बंद-चालू करता येते आणि बायोसचा (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांचा) पडदाही समोर येतो. डेलचे आयड्रॅक, एचपीईचे आयलो ही त्याचीच रूपे. दोन-चार सर्व्हर असलेल्या लहान कार्यालयाने बीएमसीच्या स्वतंत्र नेटवर्क पोर्टाची केबल एरवी काढूनच ठेवावी, असे माझे मत आहे. आयलो ४ मधील २०१७ साली उघड झालेली त्रुटी आठवा: विनंतीच्या एका हेडरमध्ये २९ वेळा ‘ए’ हे अक्षर पाठवले की पासवर्डाशिवाय प्रवेश मिळत असे.

दुसरी_पाळी
पूर्णतः असहमत. केबल काढूनच ठेवायची, तर रात्री दोन वाजता ती लावायला जाणार कोण? गेल्या पावसाळ्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत केल्यानंतर आमचा नाशिकचा सर्व्हर उठेना आणि मी पनवेलला होतो. बीएमसीच्या दूरस्थ कन्सोलवर ग्रबच्या (यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या) यादीतून जुना कर्नल निवडला आणि काम वीस मिनिटांत आटोपले. अन्यथा त्या पावसात कसारा घाट चढावा लागला असता. आपण सांगितलेली त्रुटी फर्मवेअरच्या (बीएमसीतील अंगभूत सॉफ्टवेअरच्या) २.५३ आवृत्तीत दूर झाली. पान इंटरनेटवर उघडे न टाकता वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या काढलेल्या जाळ्यात), व्हीपीएनच्या मागे ठेवावे, एवढेच पथ्य आहे.

रॅकवाला
फर्मवेअर बदलून सगळेच दोष जात नाहीत. बीएमसीशी बोलण्याच्या आयपीएमआय २.० या २००४ च्या मानकात, खात्याचे नाव बरोबर असेल तर, विचारणाऱ्याची ओळख पटण्यापूर्वीच सर्व्हर पासवर्डापासून बनवलेला हॅश (सांकेतिक ठसा) त्याच्या हाती देतो आणि तो नंतर निवांत फोडत बसता येते. हा दोष आराखड्यातलाच आहे. शिवाय लहान कार्यालयात व्हीलॅन कागदावर वेगळा असतो. स्विचवर तो खरोखर वेगळा आहे का, हे सहसा कोणी पाहत नाही.

जुनी_तार
केबल काढली म्हणजे दार बंद झाले, हे आपण दोघेही गृहीत धरत आहात. अनेक बोर्डांवर या पोर्टाची मूळ सेटिंग ‘फेलओव्हर’ असते: बीएमसी सुरू होताना स्वतंत्र पोर्टात केबल सापडली नाही, तर तो मुख्य लॅन पोर्टावरून बोलू लागतो आणि डीएचसीपीकडून (जाळ्यातील यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ताही घेतो. म्हणजे आपण केबल काढलीत आणि त्याला थेट कर्मचाऱ्यांच्या जाळ्यात नेऊन बसवलेत. आधी सेटिंग ‘डेडिकेटेड’ (फक्त स्वतंत्र पोर्ट) करा, मग वाद घाला.

दुसरी_पाळी
हे उत्तम. त्याच बैठकीत लॅनवरील आयपीएमआय बंद करून रेडफिश वापरावे. २०१५ पासूनचे हे मानक एचटीटीपीएसवर चालते, त्यामुळे हॅशचा प्रश्नच उरत नाही.

रॅकवाला
तो उरत नाही, पण दुसरा उभा राहतो: एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधील २०२५ साली उघड झालेली, पासवर्ड टाळून आत येऊ देणारी त्रुटी रेडफिशच्याच वाटेने होती. असो. जुनी_तार यांचा प्रतिसाद वाचून आज डीएचसीपीची यादी उघडली. तीनपैकी दोन बीएमसी कर्मचाऱ्यांच्या जाळ्यात, छपाईयंत्राच्या शेजारी बसलेले सापडले. सेटिंग बदलली आहे. केबल मात्र अजून काढलेलीच आहे.