गिटारचा इनबिल्ट ट्यूनर हिरवा, तरी ई मेजर कॉर्ड कणसूर. क्लिपवाला ट्यूनर घेऊ का?

सहा_तारा:
मदत हवी आहे, जरा लवकर. सगळ्या तारा हिरव्या दिव्यावर आणतो. जी, सी ठीक वाजतात, ई मेजर धरला की कानाला खुपतो. तिसरी तार किंचित उतरवली की ई गोड, पण मग जी आणि सी बिघडतात. रविवारी सोसायटीत वाजवायचंय. स्ट्रोब क्लिप (गिटारच्या टोकाला चिमट्याने लावायचा अचूक ट्यूनर) घेतला तर प्रश्न सुटेल? त्यात स्वीटन्ड ट्यूनिंग (कॉर्ड गोड वाजाव्यात म्हणून तारा किंचित खाली-वर लावणं) असतं म्हणे.

मंद्रसप्तक:
तारा कधी बदलल्या? कॅपो (मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावता? गिटार कुठली?

निषाद७१:
क्लिप डोळे झाकून विकत घ्या. माझा पीटरसनचा स्ट्रोबोक्लिप एचडी सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) दहावा भाग दाखवतो. जुन्या गिटारचा इनबिल्ट दिवा दोन-तीन सेंट चूक असली तरी हिरवाच व्हायचा.

डोंबिवली_ब्लूज:
दोन-तीन सेंटनी ई मेजर खुपत नाही हो. गिटारवर मेजर थर्ड, म्हणजे गंधार, ४०० सेंटचा, नैसर्गिक शुद्ध गंधार ३८६ चा. हे १४ सेंट फ्रेटमध्येच (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या जागांतच) आहेत, ट्यूनर काय करणार? स्वीटन्ड म्हणजे तडजोड. बी तार उतरवून जी कॉर्ड गोड कराल, तर त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटचा डी खाली जाईल आणि डी कॉर्ड रडेल.

षड्ज:
तानपुऱ्यातला स्वयंभू (आपोआप उमटणारा) गंधार ऐकायची सवय लावा, यंत्र लागणार नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली ती याच श्रुतींपायी.

डोंबिवली_ब्लूज:
एवढंच कारण नव्हतं, पेटीवर मींड निघत नाही हाही आक्षेप होता. आणि १९७१ मध्ये परत घेतलीच ना? इथे गिटारचं चाललंय.


 

सहा_तारा:
अकूस्टिक आहे. कॅपो नाही. तारा गेल्या गणपतीतल्या.

मंद्रसप्तक:
हे आधी सांगायचं! तारा बदलाच. पण आत्ता एक करा. तिसरी तार मोकळी बरोबर लावा, मग पहिल्या फ्रेटला हलक्या बोटाने दाबा, तार आडवी ओढू नका. ई मेजरमधला गंधार तिथेच आहे. किती सेंट येतात?

सहा_तारा:
इनबिल्टवर आकडा नाही, फोनवर पाहिलं. मोकळी शून्य, पहिला फ्रेट +११, पाचवा +२.

मंद्रसप्तक:
मग नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) उंच आहे. खाच वर असली की पहिल्या फ्रेटला तार जास्त ताणली जाते, सूर चढतो. ११ आणि मुळातले १४, झाले २५. कान बरोबर सांगत होता तुमचा. म्हणून तार उतरवली की ई जमायचा, आणि मोकळी जी लागणाऱ्या कॉर्ड पडायच्या.

निषाद७१:
तरी क्लिप हवाच. स्टेजवर गोंगाटात फोन चालत नाही.

मंद्रसप्तक:
ते खरं, पण नट झाल्यावर.

सहा_तारा:
कानस आहे घरी. घासू?

मंद्रसप्तक:
नको! केसभर जास्त गेली की मोकळी तार फ्रेटवर खरखरते, मग नटच बदलावा लागतो. दुरुस्तीवाल्याकडे न्या, नव्या तारा चढवूनच.